सुपडूचा वाटा

सुपडू यादव बोरसे यास समक्ष हजर करावे, अशी नोटीस आयकर खात्याने पाठवली, यात खात्याची तशी काही चूक नव्हती. शिरपूरच्या बाजारपेठेतल्या तीन दुकानांचं भाडं सुपडूच्या नावावर जमा होत होतं. त्याचं विवरणपत्र दर वर्षी वेळेत भरलं जात होतं. रेशनकार्डावर त्याच्या वाटची साखरसुद्धा येत होती. अडचण एवढीच होती की सुपडू अजून जन्माला आला नव्हता.

पिंप्राळ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर उभं राहून जीवरामनानांनी ती नोटीस पुन्हा पुन्हा वाचली. नाना एस.टी.च्या जळगाव डेपोतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. उभ्या नोकरीत त्यांना एक मेमो मिळाला नव्हता. दुसऱ्याच्या कागदातली चूक हुडकायची आणि तिच्याखाली लाल रेघ ओढायची, यात त्यांची हयात गेली होती. आता त्यांच्याच सहीखाली कोणीतरी लाल रेघ ओढली होती, आणि ती बरोबर ओढली होती, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

या सगळ्याचं मूळ नानांचे वडील, आधारबाबा. बाबांचा मुलावर विश्वास नव्हता आणि नातवावर, यादववर, त्याहून नव्हता. म्हणून त्यांनी तो थेट पणतवंडांवर ठेवला. ती अजून झालीच नसल्यामुळे त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती. जिवंतपणीच त्यांनी एक ट्रस्ट केला, त्यात तिन्ही दुकानं टाकली आणि लिहून ठेवलं की यादवला जी मुलं होतील त्यांना उत्पन्नात सारखा वाटा मिळावा, आणि तोवर जीवरामने विश्वस्त म्हणून कारभार बघावा. एवढं करून बाबा समाधानाने गेले. इकडे यादवचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली, तो एम.आय.डी.सी.तल्या चटईच्या कारखान्यात सुपरवायझरसुद्धा झाला, पण पाळणा काही हलला नाही.

ट्रस्टचे कागद धुळ्याचे पुनाभाऊ वाणी बघत. पुनाभाऊ आयकराचे सल्लागार होते, आणि कायदा ताटात वाढून सांगायची त्यांना सवय होती. "हे बघा नाना," ते म्हणाले होते, "भाडं कोणाच्या ताटात पडणार ते सरकारला माहीत असलं, की सरकार त्या ताटाच्या ऐपतीप्रमाणे घास घेतं. लहान पोराचं ताट असलं तर घेतच नाही. पण ताट कोणाचं तेच माहीत नसलं, की सरकार सगळ्यात मोठा घास घेतं. वरच्यातला वरचा दर. म्हणून नाव पाहिजे, वाटा पाहिजे."

हे सांगायला पुनाभाऊ आले ते नेमके कानबाईच्या आधी, रोटाचं धान्य मोजायच्या वेळी. श्रावणात घरात कानबाई ही देवी बसते तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाच्या मुठी घेऊन रोटाचं दळण करायचं, आणि त्याच्या पुरणपोळ्या घरच्यांनीच संपवायच्या, परक्याला द्यायच्या नाहीत, अशी रीत. नानांच्या बायको प्रमिलाबाई परातीपुढे बसून मुठी टाकत होत्या. घरात पुरुषमाणसं कोण कोण, असं पुनाभाऊंनी वही उघडून विचारलं.

"ही यादवना बापनी," प्रमिलाबाई मूठ टाकत म्हणाल्या. "ही यादवनी. अन् ही सुपडूनी."

"सुपडू कोण?"

"मना नातू शे."

नवसाच्या पोराला जन्मताच सुपात घालतात आणि त्याचं नाव सुपडू ठेवतात, म्हणजे असल्या हलक्या नावाच्या पोराकडे कोणाची नजर जात नाही. प्रमिलाबाईंनी देवीपुढे नाव आधीच सांगून टाकलं होतं, आणि देवीला सांगितलं म्हणजे पोरगा झाल्यातच जमा, यायला काय तो उशीर. पुनाभाऊंनी नाव लिहून घेतलं. कॉटवर बसलेल्या नानांनी तोंड उघडलं. 'असा कोणी नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण नेमकी तेव्हाच त्यांची सून पुष्पा चहाचा ट्रे घेऊन दारात आली. जिथे जावं तिथे बायकांनी 'मूलबाळ आहे का' हा एकच प्रश्न विचारून तिला सोलून काढलं होतं, आणि त्याचं उत्तर घरातल्या माणसाने परक्यापुढे मोठ्याने द्यावं, हे नानांच्याने होईना. उघडलेल्या तोंडाचं काहीतरी करायला हवं होतं. चहात साखर कमी आहे, असं ते म्हणाले. चहा अजून त्यांच्या हातात आला नव्हता.

तेव्हापासून सुपडू वाढीला लागला. कागदावर तर वाढलाच, पण कागदाचं नानांना नवल नव्हतं. डेपोत त्यांनी कागदावर धावणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या. नवल होतं ते घरात. त्या श्रावणात प्रमिलाबाईंनी सुपडूच्या वाटची पुरणपोळी आणि वाटीभर दूध ताटात वाढलं आणि झाकण घालून देवघराशी ठेवलं. सकाळी वाटी रिकामी होती. पोळी तशीच. पुढच्या श्रावणात पोळीचा मधला मऊ भाग नाहीसा झाला आणि कड उरली. त्याच्या पुढच्या वर्षी कडही उरली नाही.

मांजर असेल, असं नाना म्हणाले.

"मांजर खाईसन झाकन ठेवस का?" प्रमिलाबाईंनी विचारलं आणि ताट घासायला टाकलं. त्यांच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पोराला दात आले होते.

नानांनी तो विषय मनातल्या मनात 'प्रलंबित' असा शेरा मारून ठेवून दिला. खाती बदलली, साहेब बदलले, आणि जळगावला नवीन साहेब आले. त्यांच्या हाती कुठेतरी बोगस ट्रस्ट लागले होते, म्हणून त्यांनी सगळ्याच ट्रस्टांतली पोरं डोळ्यांनी बघायचं ठरवलं. त्यातून ही नोटीस आली, आणि नाना ती खिशात घालून सकाळच्या गाडीने धुळ्याला गेले.

सुपडू नाही, हे वाक्य त्यांनी पारोळ्यापर्यंत घोकलं आणि पुनाभाऊंच्या कचेरीत बसताक्षणी म्हणून टाकलं. पुनाभाऊंनी आधी दार लोटून घेतलं. मग त्यांनी पंखा कमी केला.

"नाना, तुम्ही नाव दिलंच नसतं तरी चाललं असतं. कायद्याला न जन्मलेला पोरगा चालतो. त्याच्या नावे ट्रस्ट करा, दुकानं ठेवा, काही हरकत नाही. फक्त कर वरच्या दराने भरा. पण एकदा नाव दिलं, की तो असला पाहिजे."

आता खरं सांगितलं तर काय होईल, ते पुनाभाऊंनी सांगितलं. मागच्या सगळ्या वर्षांचा कर वरच्या दराने, त्यावर व्याज, त्यावर दंड, आणि खोटं विवरणपत्र भरल्याबद्दल खटला चालला तर तो वेगळा. तिन्ही दुकानं विकली तरी भागेल की नाही, सांगता येत नव्हतं. नानांच्या डोळ्यांपुढे बाबांची दुकानं आली, मग डेपोतले जुने सहकारी आले, चहाच्या टपरीवर त्यांचं नाव काढून हसणारे. दुकानांपेक्षा ते हसणं त्यांना जास्त लागलं.

"एक वाट आहे," पुनाभाऊ म्हणाले. "पोरगा होता. वारला. गावाकडे घरीच जन्मला, घरीच गेला, नोंद करायची राहिली. मागचं सगळं झाकलं जाईल. मी अर्ज टाइप करून देतो. तुम्ही फक्त सही करा."

अर्ज दोन प्रतींत घेऊन नाना संध्याकाळच्या आत घरी परतले. जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. यादव ताटात बघत राहिला. प्रमिलाबाईंनी हातातली पोळी परत तव्यावर टाकली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं सोडलं. पुष्पाने फक्त नानांच्या पुढ्यातलं पाण्याचं भांडं उचलून जरा आत सरकवलं, काठाशी ठेवलेली वस्तू लहान मूल ओढेल म्हणून आपण सरकवतो तसं.

सही दुसऱ्या दिवशी दुपारी करायची ठरली. वैशाख होता. जळगावची वैशाखातली दुपार म्हणजे रस्त्यावर माणूस नाही, झाडावर पाखरू नाही, दारंखिडक्या बंद आणि घराघरांतून कूलरची घरघर. वीज गेली की ती घरघरही थांबते आणि मग इतकी शांतता होते की आपलाच श्वास दुसऱ्या कोणाचा वाटावा. नाना टेबलाशी बसले आणि वीज गेली. त्यांनी खिशाला हात लावला, तर पेन नव्हतं. जन्मात त्यांचं पेन खिशाबाहेर राहिलं नव्हतं. शोधता शोधता ते कॉटखाली सापडलं. टोपणाचं टोक चावलेलं होतं. नानांनी ते उजेडात धरून बघितलं. दातांच्या खुणा होत्या, आणि त्या फार बारीक होत्या.

टेबलाशी परत येतात तर अर्जाची वरची प्रत जागेवर नव्हती. ती नंतर मागल्या अंगणातल्या हौदात मिळाली. कोणीतरी तिची होडी केली होती. होडी चांगली जमली होती, पण 'मयत' हा शब्द नेमका तळाशी गेल्यामुळे धुऊन निघाला होता. हौदापासून घराकडे शहाबादी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटलेले होते. नानांनी प्रमिलाबाईंना हाक मारली. अबोला असल्यामुळे त्या लगेच आल्या नाहीत, आणि त्या येईपर्यंत वैशाखाच्या उन्हाने फरशी कोरडी केली होती. रिकाम्या फरशीकडे बोट दाखवत उभा असलेला नवरा बघून प्रमिलाबाईंनी अबोला क्षणभर मोडला आणि ऊन लागलं का, असं विचारलं.

नानांना घाम फुटला होता, तो उन्हाचा नव्हता. माणूस घाबरला की एक तर पळतो नाही तर नियमावर बोट ठेवतो. नाना दुसऱ्या जातीतले. हे सुनेचं काम असणार, असं त्यांनी ठरवलं. चूल पेटवत बसलेल्या पुष्पासमोर जाऊन त्यांनी ओली होडी धरली. त्यांना रागवायचं होतं. पण तिने वर पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत चोरी नव्हती, नुसती काळजी होती.

"नाना, तो मरी गया असं लिखू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "तो आयकस."

ऐकतो, म्हणाली. ऐकेल, असं नाही. नाना बाहेर आले, दुसरी प्रत त्यांनी पत्र्याच्या पेटीत कुलपात घातली आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली.

पुढचे दिवस घरात मोठे चमत्कारिक गेले. नानांचा चष्मा पिठाच्या डब्यात निघू लागला. चपलांचा एक जोड नेहमी उलट्या पायांत घातल्यासारखा, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे, असा दारात लावलेला असे. भर दुपारी, वारा बंद असताना, ओट्यावरचा झोपाळा कुरकुरे, आणि नाना बाहेर आले की तो नुकता थांबलेला असे. आधी ते घाबरले, मग चिडले, आणि एके दिवशी वैतागून त्यांनी रिकाम्या खोलीला दम दिला, की सुपडू, चष्मा दे, मला पेपर वाचायचाय. चष्मा तासाभराने झोपाळ्यावर मिळाला. काचा पुसलेल्या होत्या, पुरणाच्या हातांनी का होईना. त्या दिवशी नाना पेपर न वाचताच बसून राहिले. ज्याने आपला चष्मा पुसून दिला, त्याच्या मृत्यूच्या अर्जावर आपण सही करणार आहोत, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. ते कितीही म्हणाले की असा कोणी नाही, तरी जाईना.

नोटिशीतली तारीख उद्यावर आली. त्या दुपारी नानांनी पेटी उघडली. प्रत कुलपात सुखरूप होती, पेन खिशात होतं, या खेपेला कोणी काही लपवलं नव्हतं. ते टेबलाशी बसले. वीज गेली, कूलर थांबला. नानांनी पेनचं टोपण काढलं. घरभर कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं झालं. भिंतीपलीकडे प्रमिलाबाई आणि पुष्पा दोघी जाग्या होत्या, हे त्यांना न बघता कळत होतं, आणि आणखीही कोणीतरी जागं होतं.

नानांनी टोपण परत लावलं. त्यांच्याने होईना. पोरगा नाही, हे खरंच सांगून टाकायचं, जाऊ देत दुकानं, हसू देत डेपो. नाही म्हणणं वेगळं आणि मेला म्हणणं वेगळं. खऱ्याखाली लाल रेघ ओढता येत नाही, असं मनाशी म्हणत ते उठले. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि तेवढ्यात ओट्यावरून कोणाचं तरी बोलणं ऐकू आलं.

दार उघडून बघतात तर डोक्याला रुमाल बांधलेला एक गृहस्थ झोपाळ्याशेजारी उभा राहून कसलासा कागद लिहीत होता. रस्त्यावर सरकारी जीप होती. आपण आयकर खात्याचे इन्स्पेक्टर धनसिंग राजपूत, असं त्यांनी सांगितलं. हजर करायला सांगितलं की लोक शेजारचं पोर उसनं आणतात, म्हणून ते न कळवता आदल्या दिवशीच घरी जातात.

नानांनी हात जोडले. "साहेब, मी खोटं लिहिलं. सुपडू नाही."

"आता नाहीच," राजपूत लिहिता लिहिता म्हणाले. "मी जीपमधून उतरलो तेव्हा झोपाळ्यावर होता. चांगलं बोलला. बापाचं नाव, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, सगळं बरोबर सांगितलं. तुमचा चष्मा कुठे असतो तेही सांगितलं. तुमचं दार वाजलं आणि दोघं पळाले मागच्या अंगणात."

नानांनी खांबाला धरलं. समोरचा रस्ता उन्हात पांढरा पडला होता आणि त्यावर कोणी नव्हतं.

"दोघं?" त्यांनी विचारलं.

राजपूतांनी आता मान वर केली, आणि त्यांचा सूर बदलला. "तेच विचारायला मी थांबलोय. ट्रस्टच्या कागदात यादवच्या सगळ्या मुलांना सारखा वाटा आहे. तुम्ही वर्षानुवर्षं एकाचंच नाव दाखवता. त्याचं बोट धरून जी होती, तिचं काय? मुलगी म्हणून नाव दिलं नाही का?"

अशी कोणी मुलगी नाही, असं नाना म्हणाले. हे तर साहेबांनी घरोघर ऐकलं होतं. त्यांनी खेदाने मान हलवली. उत्पन्न दोघांत वाटलं तर कर वाढत नाही, उलट दोन ताटं झाली की प्रत्येकाचं हलकंच होतं, मग लपवायचं कशाला, हे त्यांना कळत नव्हतं. पण लाभार्थी लपवणं हा गुन्हा होता, आणि एवढ्या सरळ दिसणाऱ्या माणसाने तो करावा याचं त्यांना वाईट वाटत होतं. समजूतदार होते, म्हणून नाव आत्ताच लिहून घेऊन चूक दुरुस्त करायला तयार झाले.

"मी तिचं नाव त्याला विचारलं," ते म्हणाले, "तर म्हणतो, 'आजून ठेवेल नही.' एवढी मोठी मुलगी झाली, नाना. नाव तरी ठेवायचं."

एक माणूस मारायला बसलेल्या नानांवर आता दुसऱ्याचं नाव ठेवायची पाळी आली. त्यांनी मागे वळून पाहिलं. दारात प्रमिलाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. नातीसाठी आपण देवीकडे कधी शब्द टाकला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या मागे पुष्पा होती. तिने सासूला हलकेच बाजूला केलं आणि ती पुढे आली.

"केसर," ती म्हणाली. ते नाव तिला आठवावं लागलं नाही.

राजपूतांनी लिहून घेतलं आणि वय विचारलं.

नाना सुनेकडे बघत राहिले. तिला वाईट वाटू नये म्हणून आपण इतकी वर्षं तोंड मिटून बसलो, असा त्यांचा समज होता. या घरात ज्यांनी कोणालाच पाहिलं नाही असे आपण एकटेच, हे त्यांना आत्ता कळत होतं. पुष्पाने जमिनीपासून हात वर नेला आणि कमरेच्या खाली थांबवला. मग शेजारी खाली कुठेतरी बघून तो आणखी थोडा उतरवला.

"इतली शे," ती म्हणाली.

नानांनी आपला पाय हळूच मागे घेतला, कोणाच्या बोटांवर पडू नये म्हणून.